एकविसाव्या दिवसाची सेवा

स्मरणिका हाती आली की आपल्यापैकी बहुतेक जण प्रथम छायाचित्रे पाहतात, मग शुभेच्छा-संदेश चाळतात आणि सवड मिळाल्यास वार्षिक कार्याचा अहवाल वाचतात. त्या अहवालात एक परिच्छेद हमखास असतो. या वर्षी इतकी आरोग्य शिबिरे भरविली, इतक्या रुग्णांची विनामूल्य तपासणी केली, इतक्या बाटल्या रक्त संकलित झाले. हे आकडे खोटे नसतात. त्यांच्यामागे सभासदांचे रविवार खर्ची पडलेले असतात, कार्यकर्त्यांची धावपळ असते, देणगीदारांचे औदार्य असते. तरीही गेली पंचवीस वर्षे बडोद्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना असा परिच्छेद वाचनात आला की माझ्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : तपासलेल्यांपैकी पुन्हा किती आले?

सेवाभावी मंडळ यशस्वीपणे कसे चालवावे, या विषयावर पुष्कळ बोलले जाते. नेतृत्व, निधी, प्रसिद्धी, सभासदसंख्या यांचा ऊहापोह होतो. या सर्व गोष्टी आवश्यक आहेत, हे मान्यच आहे. परंतु माझ्या मते मंडळाचे यशापयश एका साध्या गोष्टीवर ठरते. ज्या मंडळाचे काम दिनदर्शिकेला बांधलेले असते, ते टिकते आणि फळाला येते. ज्याचे काम समारंभाला बांधलेले असते, ते मांडव उतरला की संपते. हे मत सविस्तर मांडावे आणि शेवटी आपल्या मंडळापुढे काही सूचना ठेवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एकवीस दिवसांचे गणित

एकवीस हा आकडा आपल्या घराघरांत परिचयाचा आहे. गणपतीला आपण २१ दूर्वा वाहतो, २१ मोदकांचा नैवेद्य दाखवितो. बालरोगशास्त्रातही हा आकडा वारंवार भेटतो. मात्र तेथे त्याचे रूप वेगळे असते.

शालेय आरोग्य तपासणीत एखाद्या मुलाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवताच मर्मर ऐकू येते. पुढे इको केल्यावर ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचे निदान होते. घशाच्या साध्या वाटणाऱ्या संसर्गातून सुरू झालेला आजार हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचलेला असतो. पुन्हा तोच ताप येऊन झडपा अधिक खराब होऊ नयेत, म्हणून त्या मुलाला दर २१ दिवसांनी बेंझाथीन पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. हे काम दोन-चार महिन्यांत आटोपणारे नाही. झडपांची इजा किती आहे त्यानुसार ते वर्षानुवर्षे, काहींच्या बाबतीत जन्मभर चालू ठेवावे लागते. वर्षाला सतरा इंजेक्शने. औषध जुने आहे आणि स्वस्त आहे. कठीण आहे ती नियमितता. वडिलांचा रोज बुडतो, आई धाकट्याला घेऊन माहेरी गेलेली असते, मूल वरवर बरे दिसते, इंजेक्शन दुखते, आणि चौथी-पाचवी तारीख चुकते. ज्या डॉक्टरने शिबिरात निदान केले तो त्या दिवशी तेथे नसतो. शिबिराच्या अहवालात मात्र हे मूल 'तपासणी झालेले' म्हणून कायमचे नोंदलेले राहते.

दुसरे उदाहरण थॅलेसीमिया मेजरचे. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. सहा महिने ते दोन वर्षे या वयात मूल फिकट पडू लागते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी, सर्वसाधारणपणे तीन आठवड्यांनी, त्याला रक्त द्यावे लागते. रक्त देण्यापूर्वीचे हिमोग्लोबिनही नऊच्या खाली जाऊ नये, अशी काळजी घेतली तर मूल वाढते, शाळेत जाते, खेळते. ती न घेतल्यास चेहऱ्याची हाडे रुंदावतात, प्लीहा वाढते, उंची खुंटते. प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात शिरते आणि ते बाहेर काढण्यासाठी नियमित औषध घ्यावे लागते. आपल्या गुजरातेत ही मुले सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत अधिक आढळतात, पण कोणताही समाज यातून पूर्णपणे सुटलेला नाही.

या दोन्ही मुलांना आपल्याकडून हवे आहे ते एकच : एकविसाव्या दिवशी कोणीतरी हजर असणे.

रक्त हे धान्य नाही

समारंभ आणि दिनदर्शिका यांतील भेद रक्तदानात सर्वांत स्पष्ट दिसतो. आपल्याकडे रक्तदान शिबिरांची वाण नाही. एखाद्या नेत्याचा वाढदिवस, संस्थेचा रौप्यमहोत्सव, स्वातंत्र्यदिन अशा निमित्तांनी एकाच दिवशी शेकडो बाटल्या जमतात आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्रे छापून येतात. परंतु रक्त हे काही धान्य नाही, की कोठारात भरून ठेवावे आणि वर्षभर पुरवावे. २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेल्या तांबड्या पेशी, वापरलेल्या द्रावणानुसार, ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. थॅलेसीमियाच्या मुलांना शक्यतो दोन आठवड्यांच्या आतील रक्त मिळावे, असा आपला आग्रह असतो. म्हणजे १५ ऑगस्टला जमलेले रक्त ऑक्टोबर उजाडेपर्यंत निरुपयोगी झालेले असते. शिवाय त्या दिवशी रक्त दिलेला प्रत्येक दाता पुढील तीन महिने रक्त देऊ शकत नाही. एका मोठ्या शिबिराने रक्तपेढीचे शीतकपाट भरते आणि त्याच वेळी दात्यांची यादी रिकामी होते. पुढे एप्रिल-मे येतो, महाविद्यालयांना सुट्ट्या लागतात, लोक गावी जातात, आणि नेमक्या त्याच दिवसांत थॅलेसीमियाच्या मुलाचे वडील एका पेढीतून दुसऱ्या पेढीत फिरत असतात.

आता दिनदर्शिकेचे गणित पाहू. दर २१ दिवसांनी एक पिशवी म्हणजे वर्षाला साधारण १७ पिशव्या. पुरुषाला दर ९० दिवसांनी आणि स्त्रीला दर १२० दिवसांनी रक्त देता येते. प्रत्येक दात्याने वर्षातून तीन वेळा रक्त दिले असे धरले, तर एका लहान मुलासाठी सहा दाते पुरतात. मूल मोठे झाले की एका वेळी दोन पिशव्या लागतात. रक्तगट जुळावा लागतो. कोणी आजारी पडते, कोणाचे हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असते, कोणी परगावी असते. ही सारी वजावट करूनही साठ नियमित दात्यांचे मंडळ सात-आठ लहान मुलांची काळजी वाहू शकते. साठ माणसे ही आपल्या एखाद्या कोजागिरीच्या कार्यक्रमाला सहज जमतात. अडचण संख्येची नाही. तीच साठ माणसे एकाच रात्री न येता वर्षभरात विभागून यावीत, यासाठी व्यवस्था लागते, आणि ती उभारणे हेच सेवाभावी मंडळाचे खरे काम आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आली. ते अत्यंत योग्य झाले. पण त्यामुळे ऐच्छिक दात्यावरील जबाबदारी किती वाढली, याची जाणीव आपल्याला २०२० च्या टाळेबंदीत झाली. त्या मार्च-एप्रिलमध्ये शिबिरे थांबली. मुलांची गरज थांबली नाही. मी ज्या लहानशा मंडळासोबत काम करते, त्याच्याजवळ दात्यांची नावे, रक्तगट आणि मागील रक्तदानाची तारीख लिहिलेली एक वही होती. त्या वहीमुळे दात्यांना एकेकट्याने, वेळ ठरवून, रक्तपेढीत बोलाविता आले. पुढे २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हाही तीच वही उपयोगी पडली. कोणते मूल कोठे अडकले आहे, कोणाची तारीख जवळ आली आहे, हे आधीच ठाऊक होते. संकटात धावून जाणारी मंडळे पुष्कळ असतात, परंतु कोणाकडे धावायचे हे ज्यांना ठाऊक असते, त्यांचे धावणे अधिक कारणी लागते.

अध्यक्ष बदलले, काम बदलले नाही

हे छोट्या मंडळाचे उदाहरण झाले. मोठ्या संस्थेला ते लागू पडेल काय, अशी शंका कोणी घेईल. म्हणून जगातील सर्वांत परिचित सेवाभावी संस्थेकडे पाहू. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे रोटरीची सुरुवात केली. बैठका सभासदांच्या कचेऱ्यांत आळीपाळीने होत, त्यावरून हे नाव पडले. रोटरीत दरवर्षी १ जुलैला नवा अध्यक्ष येतो. या पद्धतीने मक्तेदारी टळते, नव्या माणसाला संधी मिळते. पण तिचा एक तोटा आपण सर्वांनी आपापल्या मंडळांत पाहिला आहे : प्रत्येक नव्या अध्यक्षाला आपल्या नावाचा नवा प्रकल्प हवा असतो आणि गेल्या वर्षीचे काम पोरके होते.

रोटरीने या दोषावर मात केली ती पोलिओच्या कामात. १९७९ मध्ये फिलिपिन्समधील साठ लाख मुलांना डोस देण्याचा संकल्प झाला. १९८५ मध्ये त्याचे 'पोलिओप्लस' या जागतिक कार्यक्रमात रूपांतर झाले. तेव्हापासून दरवर्षी अध्यक्ष बदलले, घोषवाक्ये बदलली. पोलिओचे काम मात्र बदलले नाही. आज पाकिस्तान व अफगाणिस्तान या दोन देशांत मूळ विषाणूचा संसर्ग शिल्लक आहे, आणि म्हणून ते काम आजही चालू आहे.

भारतात १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, तेव्हा मी एम.डी.चे शिक्षण घेत होते. रविवारचे बूथ, पिवळे फलक, मुलांची गर्दी हे सर्वांना आठवत असेल. पण ज्यांनी ही मोहीम जवळून पाहिली त्यांना ठाऊक आहे, की रविवारचे बूथ ही केवळ सुरुवात होती. खरे काम सोमवारपासून सुरू होई. पथके घरोघर जात, मुलांच्या करंगळीवरील शाईची खूण पाहत आणि घराच्या भिंतीवर खडूने अक्षर लिहीत. सर्व मुलांना डोस मिळाला असेल तर 'पी', एखादे मूल राहिले असेल तर 'एक्स'. 'एक्स' लिहिलेल्या घरी पथक पुन्हा जाई. दार बंद असेल तर पुन्हा. आजीचा विरोध असेल तर परिचयाच्या कोणाला सोबत घेऊन पुन्हा. २००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यातील एका बालिकेनंतर मूळ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही. २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. हे यश शासनाचे आणि लाखो आरोग्यसेविकांचे आहे. सेवाभावी मंडळे त्यांच्या सोबतीला होती. माझ्या मते भारतातून पोलिओ गेला तो भिंतीवरील त्या 'एक्स'मुळे. कोण आले, यापेक्षा कोण राहिले याची नोंद त्या कामाने ठेवली. आपल्यापैकी किती मंडळांच्या अहवालात अशी 'एक्स'ची यादी असते?

बडोद्याचा वारसा

अशा नियमित कामाची परंपरा आपल्याला परकी नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ साली याच शहरात काही मराठी कुटुंबांना एकत्र करून 'अन्योन्य सहाय्यकारी मंडळी' स्थापन केली. देशात सहकाराचा कायदा होण्यापूर्वी पंधरा वर्षे सुरू झालेली ही संस्था भारतातील सहकारी पतपेढ्यांची पूर्वज मानली जाते. ठरल्या वेळी प्रत्येकाने आपली लहानशी रक्कम भरावयाची आणि गरजूने त्यातून उचल घ्यावयाची. तिचा आधार एखाद्या दिवशीच्या मोठ्या देणगीचा नव्हता, वारंवार भरलेल्या छोट्या रकमेचा होता.

महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. त्यातील फिरत्या वाचनालयांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी जात, ठरलेल्या मुदतीनंतर परत येत आणि नवी पुस्तके घेऊन पुन्हा जात. गावाने आपला वाटा उचलला की पंचायत आणि सरकार आपापला वाटा घालीत. पेटी परत येणे आणि लोकांचा वाटा असणे, या दोन गोष्टींत सेवाकार्याचे अर्धे शास्त्र सामावलेले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला कर्तव्य वाटते. बडोद्यातील मराठी माणूस येथे पाहुणा नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो या शहराचा घटक आहे. आपली साहित्य मंडळे, नाट्यसंस्था, गणेशोत्सव यांनी भाषा जपली, हे मोलाचे कार्य आहे. परंतु सेवाकार्य केवळ आपल्या समाजापुरते ठेवले, तर ते नातेवाइकांचे परस्परसाहाय्य होते. दांडिया बाजारातील दात्याचे रक्त वारसियातील सिंधी मुलाला मिळते, तेव्हा आपण या शहराचे आहोत हे सांगण्यासाठी वेगळ्या भाषणाची गरज उरत नाही.

मंडळ चालविताना

आता काही व्यावहारिक मुद्दे, जे अनुभवातून सुचले आहेत.

पहिला मुद्दा निवडीचा. मंडळाने एकच काम हाती घ्यावे आणि इतर चांगल्या कामांना नम्रपणे नकार द्यावा. वृक्षारोपण, वह्यावाटप, नेत्रतपासणी, वृद्धाश्रमाला भेट ही सर्व कामे उत्तम आहेत. पण एकाच मंडळाने ती सर्व केली, तर कोणत्याही कामाची दुसरी तारीख येत नाही.

दुसरा मुद्दा वहीचा. लाभार्थीचे नाव, मागील तारीख, पुढील तारीख आणि ती पाळली गेली की नाही, एवढे चार रकाने पुरेत. संगणकावर ठेवा किंवा कागदावर, पण ती नोंद अध्यक्षांच्या खाजगी भ्रमणध्वनीत अडकून पडू नये. पदग्रहणाच्या दिवशी हारतुऱ्यांच्या आधी ही वही मावळत्या अध्यक्षांनी नव्या अध्यक्षांच्या हाती द्यावी. मुलाची माहिती मात्र गोपनीय राहावी आणि त्याचे छायाचित्र कोणत्याही फलकावर येऊ नये.

तिसरा मुद्दा आपल्या, म्हणजे डॉक्टरांच्या, स्थानाचा. सेवाभावी मंडळात डॉक्टरने अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेच पाहिजे, असे नाही. इंजेक्शन देण्यास पाच मिनिटे लागतात; ते मूल केंद्रापर्यंत आणण्यास चार दूरध्वनी, एक स्कूटर आणि पुष्कळ गोड बोलणे लागते. हे काम निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षिका, गृहिणी आपल्याहून कितीतरी चांगले करतात. आमच्या वहीतील तारखा एक निवृत्त शिक्षिका सांभाळतात. त्यांचा आदल्या दिवशीचा दूरध्वनी टाळण्याची कोणत्याही पालकाची छाती नाही! रोटरीने १९८९ पर्यंत स्त्रियांना सभासदत्व दिले नव्हते. आज तसा नियम कोठे नसेलही, पण चहा-नाश्त्याची व्यवस्था भगिनींकडे आणि निर्णय बांधवांकडे, ही वाटणी आपल्या मंडळांतून अजून पुरती गेलेली नाही. तरुणांच्या बाबतीतही तसेच. ते येत नाहीत, अशी आपली तक्रार असते. 'समाजासाठी काहीतरी करा' या आवाहनाने ते येत नाहीत. 'दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दोन तास आणि या तीन मुलांची जबाबदारी' असे नेमके काम दिले की येतात आणि टिकतात.

चौथा मुद्दा पैशाचा. जमाखर्च दर सहा महिन्यांनी सर्व सभासदांपुढे ठेवावा. देणगी कोणाकडून घ्यावी, याचेही नियम असावेत. बालरोगतज्ज्ञ म्हणून एक आठवण करून देते : १९९२ च्या कायद्यानुसार शिशुआहार व दुधाच्या बाटल्या विकणाऱ्या कंपन्यांनी डॉक्टरांना किंवा त्यांच्या संघटनांना आर्थिक लाभ देण्यास मनाई आहे. कार्यक्रमाचा खर्च भागावा म्हणून हा नियम विसरता येणार नाही.

पाचवा मुद्दा शासनाच्या कामाचा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांतून मुलांची तपासणी करतात; गुजरातेत तर शालेय आरोग्य तपासणी त्याआधीपासून चालू आहे. तीच मुले, तीच तपासणी आपण पुन्हा करून काय साधतो? ज्यांना पुढे पाठविले आहे ती मुले रुग्णालयापर्यंत पोहोचतात का, चष्मा तुटल्यावर दुसरा मिळतो का, रक्तक्षयाच्या गोळ्या हिमोग्लोबिन सुधारल्यानंतरही आवश्यक तितके दिवस घेतल्या जातात का, हे पाहणारे कोणी असेल तर शासनाचे कामही पूर्णत्वास जाते.

शिबिरे बंद करावीत काय?

माझे हे विचार ऐकून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "मग शिबिरे बंदच करावयाची काय? गरिबाला निदान त्या दिवशी तरी तज्ज्ञ डॉक्टर भेटतो. प्रसिद्धी झाली तर निधी येतो, सभासद वाढतात." त्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. शिबिराने ओळख होते, उत्साह वाढतो आणि देणगीदाराला आपल्या पैशाचे दर्शन घडते. परंतु नेत्रतज्ज्ञांचे उदाहरण पाहा. एके काळी शाळांच्या वर्गांत, धर्मशाळांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत. जंतुसंसर्गाचा धोका आणि पश्चात देखभालीची उणीव ध्यानात आल्यावर धोरण बदलले. आता शिबिरात केवळ तपासणी व्हावी, रुग्णाला मुख्य रुग्णालयात न्यावे, तेथे शस्त्रक्रिया करावी आणि नंतर पुन्हा तपासावे, असा दंडक आहे. शिबिर राहिले, पण ते दार म्हणून राहिले. घर आत आहे. आपल्या प्रत्येक शिबिराला अशी आतली खोली असावी, एवढेच माझे म्हणणे आहे. ती नसेल, तर मुलाच्या हृदयातील मर्मर ऐकून त्याला घरी पाठविणे ही सेवा कशी म्हणावी? आईच्या मनात भीती घालून आपण निघून आलो, इतकेच होते.

आणि नियमित सेवा ही शेवटची पायरी नव्हे. थॅलेसीमियाच्या मुलांना रक्त देत राहणे आवश्यक आहे. पण अशी मुले जन्मासच येऊ नयेत, हे अधिक आवश्यक आहे. त्यासाठी आपल्या समाजात एक उत्तम जागा तयार आहे : वधू-वर मेळावे. पत्रिका जुळविताना आपण एकनाड आहे का ते काळजीने पाहतो, अलीकडे रक्तगटही लिहितो. त्याच अर्जात हिमोग्लोबिन ए-टूच्या तपासणीचा एक रकाना घालावा. ही तपासणी सर्वसाधारणपणे आयुष्यात एकदाच करावी लागते. वाहक व्यक्ती आजारी नसते आणि तिच्या विवाहास कोणतीही आडकाठी नाही. दोघेही वाहक असतील तर गरोदरपणाच्या आरंभीच गर्भाची तपासणी करून घेता येते. कोणाच्याही माथी कलंक न लावता हे समजावून सांगण्याचे काम आपल्याइतके दुसरे कोण करू शकेल?

तीन सूचना

आपल्या वैद्यक मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी तीन सूचना विनम्रपणे ठेवते.

एक, पुढील वर्षीच्या अहवालात 'तपासणी केलेले रुग्ण' या रकान्याशेजारी 'पुन्हा आलेले रुग्ण' असा रकाना असावा. पहिल्या वर्षी तो आकडा लहान दिसेल. दिसू द्यावा. लपविलेल्या आकड्यापेक्षा छापलेला लहान आकडा सभासदांना अधिक कामास लावतो.

दोन, मंडळाने या वर्षी सात-आठ मुलांची, मग ती थॅलेसीमियाची असोत वा ऱ्हुमॅटिक हृदयविकाराची, एकवीस दिवसांची जबाबदारी घ्यावी आणि ती पुढील दहा वर्षे सोडू नये. सभासदांच्या कुटुंबीयांमधून नियमित दात्यांची यादी करावी. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आपल्या मुला-मुलींची नावे त्यात आग्रहाने घालावीत.

तीन, समाजातील वधू-वर मेळाव्यांच्या आयोजकांशी बोलून ए-टूचा रकाना सुरू करावा.

यांत भव्य असे काही नाही. यासाठी मांडव लागत नाही, प्रमुख पाहुणे लागत नाहीत. पण आजचे आठ वर्षांचे मूल पुढे पंचविशीत पोहोचून नोकरीला लागेल की नाही, हे पुष्कळ अंशी आपल्यापैकी कोणीतरी त्याच्या तारखा पाळतो की नाही यावर अवलंबून आहे. नव्या कार्यकारिणीची पहिली सभा लवकरच होईल. त्या सभेत स्नेहसंमेलनाची आणि पदग्रहणाची तारीख ठरविण्यापूर्वी वर्षातील या सतरा तारखा ठरवाव्यात, एवढीच माझी विनंती आहे.